विद्यार्थ्यावर हसणारे पॅरिस

गावार्नी या फ्रेंच चित्रकाराच्या 'पॅरिसचे विद्यार्थी' या मालिकेत एक खोली पुन्हा पुन्हा भेटते. भाड्याची खोली, पाइपचा धूर, अंगावर घरात घालायचा ढगळ झगा, सोबत एखादी तरुणी, आणि अभ्यासाचा पत्ता नाही. चित्राखाली दोन-तीन ओळींचा संवाद असतो. तो वाचला की हसू येते. ही चित्रे १८३०च्या दशकाच्या अखेरीस 'ल शारीव्हारी' या पॅरिसच्या व्यंगचित्र-दैनिकात येऊ लागली आणि अतिशय लोकप्रिय झाली.

कलेचा इतिहास मी कोणत्याही विद्यापीठात शिकलेले नाही. फ्रेंच शिकले तेही चाळिशी उलटल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपली जुनी नियतकालिके इंटरनेटवर खुली केली, म्हणून ही चित्रे घरबसल्या पाहता आली. पहिल्या वेळी मी हसले. पुढे कित्येक संध्याकाळी तीच चित्रे पाहताना मात्र एक प्रश्न मनात घर करून बसला. हे विद्यार्थी नक्की कशासाठी शिकत आहेत? गावातले घर सोडून शेकडो मैलांवरून ते पॅरिसला आले, ते काहीतरी होण्यासाठी. मग ती महत्त्वाकांक्षा चित्रांत कुठे आहे?

या चित्रांविषयी नेहमी असे म्हटले जाते की ती त्या काळच्या विद्यार्थिजीवनाचा आरसा आहेत. मला ते पुरते पटत नाही. आरसा समोर असेल ते सगळे दाखवतो. या चित्रांनी एका विद्यार्थ्याला दाखवले आणि दुसऱ्याला वगळले. जो वगळला गेला, त्याच्याच बाबतीत खरा प्रश्न होता.

दगडावर काढलेले हसू

आधी या चित्रांचे तंत्र आणि त्यांचा धंदा पाहू. ही सगळी शिळाछापाची चित्रे. शिळाछाप मराठी वाचकाला परका नाही. आपली कितीतरी जुनी पुस्तके दगडावरूनच छापली गेली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि त्यावरून छाप उठवायचे. लाकूड कोरायला नको, तांब्यावर रेघा खोदायला नकोत. चित्रकाराचा हात कागदावर जितका मोकळा चालतो तितकाच दगडावर चालतो. आज काढलेले चित्र चार दिवसांत लोकांच्या हाती पडू शकते.

याचा पुरेपूर फायदा शार्ल फिलिपाँ या संपादकाने घेतला. १८३०च्या जुलै क्रांतीनंतर लुई-फिलिप राजा झाला आणि वृत्तपत्रांना काही काळ मोकळीक मिळाली. त्याच वर्षी फिलिपाँने 'ला कारिकातूर' हे साप्ताहिक काढले, आणि १८३२च्या डिसेंबरात 'ल शारीव्हारी' हे दैनिक. शारीव्हारी म्हणजे एखाद्याच्या दारासमोर भांडीकुंडी बडवून केलेला टिंगलीचा गोंगाट. रोज एक नवे चित्र देणे हे या दैनिकाचे वैशिष्ट्य. पुढे १८४१मध्ये लंडनला 'पंच' निघाले तेव्हा त्याने स्वतःला 'लंडनचा शारीव्हारी' असे उपनाव घेतले. मुंबईतला 'पार्सी पंच' आणि नंतरचा 'हिंदी पंच' हे त्याच घराण्यातले. म्हणजे आपल्याकडच्या छापील व्यंगचित्राची एक मुळी थेट या पॅरिसच्या दैनिकापर्यंत जाते.

सुरुवातीला या पत्रांचे लक्ष्य खुद्द राजा होता. ओनोरे दोमिये या तरुण चित्रकाराने राजाला 'गार्गांतुआ' या बकासुराच्या रूपात रंगवले आणि त्यापायी १८३२मध्ये तो तुरुंगात गेला. तिथून सुटल्यावरही त्याचा हात थांबला नाही. मग २८ जुलै १८३५ रोजी राजावर भीषण प्राणघातक हल्ला झाला. राजा वाचला, बरीच माणसे मेली. सरकारला निमित्त मिळाले. त्याच सप्टेंबरात कायदे आले आणि प्रत्येक चित्र छापण्याआधी सरकारची परवानगी घेणे सक्तीचे झाले. लेखनाला अशी पूर्वपरवानगी नव्हती, चित्राला होती. वाचता न येणाऱ्यालाही चित्र कळते, ही भीती त्यामागे होती.

राजकारणावर चित्र काढता येत नाही म्हटल्यावर व्यंगचित्रकार समाजाकडे वळले. भाडेकरू, घरमालक, दुकानदार, वकील, नवरा-बायको, आणि विद्यार्थी. म्हणजे विद्यार्थी या चित्रांत आला तो सेन्सॉरच्या दारातून. ही गोष्ट विसरून या मालिकेकडे पाहता येणार नाही. कारण १८३०च्या जुलैत बॅरिकेडवर विद्यार्थी होते, १८३२च्या जूनमधल्या उठावातही होते. सरकारच्या लेखी विद्यार्थी ही चिंतेची बाब होती. चित्रांत तोच विद्यार्थी पाइप ओढत लोळताना दिसू लागला, आणि अशा विद्यार्थ्याला परवानगी देण्यात कोणाला अडचण नव्हती.

मावशीकडचे घड्याळ

गावार्नी हे टोपणनाव. खरे नाव सुल्पीस गियोम शेव्हालिए, जन्म १८०४. त्याने आधी यंत्रांची रेखाचित्रे काढली, मग फॅशनची. कपड्याची घडी, टोपीचा कल, कोपरावर टेकलेल्या माणसाचा आळस हे त्याच्याइतके नेमके कोणी टिपले नाही. आपल्या चित्रांखालचे संवादही तो स्वतः लिहायचा. दोमियेच्या चित्रांखालची वाक्ये बहुधा दुसऱ्या कोणाची असत.

त्याच्या विद्यार्थ्यांचे जग लहान आहे. कायद्याचा नाहीतर वैद्यकाचा अभ्यासक्रम, लॅटिन वस्ती, माँपार्नास भागातले 'ग्रांद शोमिएर' हे नाचघर. घरून आलेले पैसे महिना संपण्याआधी संपतात. मग घड्याळ किंवा कोट गहाणाच्या सरकारी पेढीत जातो. या पेढीला पॅरिसच्या बोलीत 'मावशी' म्हणत. घड्याळ कुठे गेले, तर मावशीकडे. परीक्षेच्या खर्चाचे कारण सांगून वडिलांना पत्र जाते. सोबतची तरुणी ही बहुतेक वेळा 'ग्रिझेत' असते, म्हणजे शिवणकाम किंवा टोप्या करून पोट भरणारी कष्टकरी मुलगी.

हा विद्यार्थी त्या काळात इतका प्रिय झाला की त्याच्यावर पुस्तकेही निघाली. 'फ्रेंच लोक, त्यांनीच रंगवलेले' या १८४०पासून निघालेल्या मोठ्या सचित्र ग्रंथात कायद्याच्या विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले. १८४१मध्ये लुई ह्युआरने 'विद्यार्थ्याचे शरीरशास्त्र' नावाचे छोटे विनोदी पुस्तक लिहिले. प्राण्यांच्या जातींचे वर्णन करावे तसे माणसांच्या जातींचे वर्णन करणारी अशी खिशात मावणारी पुस्तके तेव्हा भराभर खपत होती.

बोदलेरने १८५७मध्ये फ्रेंच व्यंगचित्रकारांवर एक निबंध लिहिला. त्यातली दोन निरीक्षणे आजही उपयोगी आहेत. पहिले असे की दोमियेच्या चित्राखालची ओळ काढून टाकली तरी चित्र उरते. गावार्नीचे मात्र चित्र आणि ओळ मिळून एक होते. दुसरे अधिक महत्त्वाचे. लॅटिन वस्तीतले खरे विद्यार्थी गावार्नीच्या विद्यार्थ्यांसारखे वागू लागले, जसे लोक फॅशनच्या चित्रांसारखे दिसायला धडपडतात, असे बोदलेर म्हणतो. त्या काळच्या सर्वांत तीक्ष्ण समीक्षकालाच आरशाची उपमा पुरत नव्हती, असा याचा अर्थ.

आता हसू कोणाचे, हा प्रश्न. 'शारीव्हारी'ची वर्गणी मजुराच्या आवाक्यातली नव्हती. ते घरी घेणारा, किंवा कॅफेत बसून वाचणारा वाचक प्रामुख्याने मध्यमवर्गीय पुरुष होता. विद्यार्थ्याचा बाप होता, किंवा एकेकाळी स्वतः विद्यार्थी होता. गावार्नीचा विद्यार्थी त्याला गमतीचा वाटतो, कारण या गोष्टीचा शेवट त्याला ठाऊक आहे. तीन वर्षांनी हा पोरगा पदवी घेईल, केस कापेल, गावी परतेल, वडिलांच्या पैशाने दस्तऐवजाची कचेरी विकत घेईल आणि योग्य हुंड्याच्या मुलीशी लग्न करेल. पॅरिसमधली तीन वर्षे ही त्याची सुट्टी. सुट्टीतल्या चुका माफ असतात.

म्हणून या चित्रांत महत्त्वाकांक्षा दिसत नाही. ज्याची जागा घरी राखून ठेवलेली आहे, त्याला धडपडण्याची गरज नसते.

पण चित्रात दोघे आहेत. सुट्टी फक्त त्याची आहे. तो गावी गेल्यावर त्या खोलीतल्या मुलीचे काय होते, हे ही मालिका विचारत नाही. गावार्नीवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. तो स्वतः १८३५मध्ये कर्जापायी क्लिशीच्या तुरुंगात जाऊन आला होता आणि त्या तुरुंगावरही त्याने मालिका काढली. पुढे १८५०च्या दशकात त्याने 'म्हाताऱ्या झालेल्या लोरेत' ही मालिका केली. लोरेत म्हणजे श्रीमंत पुरुषांच्या आधारावर जगणाऱ्या तरुणी, त्याच्याच आधीच्या चित्रांतल्या लाडक्या नायिका. आता त्या फाटक्या शालीत, सुजलेल्या चेहऱ्याने उभ्या आहेत. खाली संवाद आहेत, पण हसू येत नाही. तरुणपणी वाचकाला हसवताना जो हिशेब त्याने मांडला नव्हता, तो त्याने उतारवयात मांडला. मला त्याची ही चित्रे विद्यार्थ्यांच्या चित्रांपेक्षा मोठी वाटतात.

वीस जागा, वीस हजार उमेदवार

वगळलेला विद्यार्थी शोधायचा तर चित्रांतून कादंबरीत जावे लागते. बाल्झाकची 'बाप गोरियो' ही कादंबरी १८३४-३५ची, म्हणजे गावार्नीच्या मालिकेच्या थोडी आधीची. तिचा तरुण नायक रास्तिन्याक कायद्याचा विद्यार्थी आहे. घराणे खानदानी, पण हाती पैसा नाही. तोही घरी पत्र लिहितो आणि आईकडे १,२०० फ्रँक मागतो. गावार्नीच्या चित्रात अशा पत्रावर हसायचे असते. बाल्झाक मात्र पत्राचे उत्तरही देतो. आईने दागिने मोडले, बहिणींनी साठवलेले पैसे काढून दिले. ते उत्तर वाचून रास्तिन्याकला रडू येते, आणि पैसे तो नव्या कपड्यांवरच खर्च करतो. एकच प्रसंग, पण घराची बाजू दाखवल्याबरोबर विनोदाचे स्वरूप बदलते.

याच कादंबरीत फरारी कैदी व्होत्राँ रास्तिन्याकला एक हिशेब समजावतो. साऱ्या फ्रान्समध्ये प्रमुख सरकारी वकिलाच्या जागा वीस, आणि त्या पदाकडे डोळे लावून बसलेले तरुण वीस हजार. बाल्झाक स्वतः कायदा शिकलेला आणि वकिलाच्या कचेरीत उमेदवारी केलेला माणूस होता. त्याला हे जग आतून माहीत होते. १८४०च्या 'झ. मार्का' या कथेत त्याने हाच मुद्दा अधिक उघडपणे मांडला. कोंडलेल्या तरुण पिढीची वाफ एक दिवस बॉयलर फोडील, असा इशारा त्या कथेत आहे.

हा हिशेब तेव्हाच्या राज्यव्यवस्थेशी जोडून पाहिला की प्रश्न स्पष्ट होतो. लुई-फिलिपच्या राज्यात मताचा अधिकार वर्षाला २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषालाच होता. तीन कोटींहून अधिक लोकवस्तीच्या देशात मतदार दोन-अडीच लाखांच्या घरात. मालमत्ता नसलेल्या वकिलाला, डॉक्टरला, प्राध्यापकाला मत नाही. शिक्षणाच्या आधारावर तरी अशांना मत द्या, अशी मागणी पुन्हा पुन्हा झाली. गिझोच्या सरकारने ती अखेरपर्यंत मानली नाही. गिझो स्वतः सोरबोनमधला इतिहासाचा नामवंत प्राध्यापक, विद्येच्या जोरावर सत्तेच्या शिखरावर पोचलेला. शिका आणि वर या, असे सांगणाऱ्या राज्यात दाराशी पदवी चालत नव्हती, कराची पावती चालत होती.

मग महत्त्वाकांक्षेचे व्यंगचित्र कोणी काढलेच नाही का? काढले, पण ते विद्यार्थ्यांच्या मालिकेत नाही. ते दोमियेच्या 'रोबेर माकेर'मध्ये आहे. माकेर हा मूळचा नाटकातला चोर. फ्रेदेरिक लमेत्र या नटाने त्याला अजरामर केले. दोमिये आणि फिलिपाँ यांनी १८३६ ते १८३८ या काळात त्याची शंभर चित्रे केली. माकेर कधी बँकवाला असतो, कधी वकील, कधी डॉक्टर, कधी वृत्तपत्रवाला. भपकेबाज कोट, डोळ्यावर पट्टी, बोलणे गोड, आणि शेजारी हाडकुळा, भित्रा साथीदार बर्त्राँ. प्रामाणिक उमेदवाराला ज्या व्यवसायांत शिरायला वर्षे लागतात, त्या प्रत्येकात माकेर एका रात्रीत शिरतो. व्होत्राँने जो हिशेब रास्तिन्याकच्या कानात सांगितला, तोच दोमियेने दगडावर काढला. वाट अरुंद असेल तर निर्लज्ज माणूस पुढे जातो.

आणि जे विद्यार्थी पुढे गेले, त्यांचे पुढचे आयुष्य दोमियेने 'न्यायालयातील माणसे' या मालिकेत काढले. ही मालिका १८४५पासून १८४८पर्यंत येत राहिली. दोमिये मार्सेयच्या काचकामगाराचा मुलगा. लहानपणी एका बेलिफाच्या कचेरीत तो निरोप्याचे काम करत असे. न्यायालय त्याने पाहिले ते जिन्याखालून. या मालिकेतला एक वकील खटला हरलेल्या बाईला म्हणतो की हरलात खऱ्या, पण माझे भाषण ऐकायचा आनंद तर मिळाला! दुसऱ्या एका चित्रात न्यायमंदिराच्या भव्य जिन्यावरून वकील उतरत आहेत. नाक वर, काळा झगा फुगलेला, कागदांची चवड काखेत. गावार्नीच्या खोलीतला लोळणारा पोरगा मोठा झाल्यावर असाच दिसला असता. दोन चित्रकारांची ही दोन टोके शेजारी ठेवली की मधली रिकामी जागा दिसते. पदवी मिळवलेला, पण ना गावी कचेरी विकत घेऊ शकणारा, ना त्या जिन्यावर पोचलेला तरुण. त्याचे चित्र कोणी काढले नाही.

निळे मोजे

महत्त्वाकांक्षेवर हसताना ही चित्रे कोणाला माफ करतात आणि कोणाला नाही, हे पाहण्याची आणखी एक कसोटी आहे. १८४४मध्ये दोमियेने 'निळे मोजे' ही चाळीस चित्रांची मालिका केली. निळे मोजे म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायका. मूळ इंग्रजी थट्टेचे हे फ्रेंच रूप. त्यातले एक चित्र प्रसिद्ध आहे. आई टेबलाशी लेखनात बुडाली आहे आणि मागे तिचे मूल पाण्याच्या टबात उलटे बुडाले आहे. चित्र म्हणून ते अप्रतिम आहे. त्या बाईच्या पाठीचा बाक, तिचे जगाचे भान हरपणे दोमियेने चार रेघांत पकडले आहे. लिहिणाऱ्या कोणालाही ती पाठ ओळखीची वाटेल.

पण शिक्षा पाहा. विद्यार्थी अभ्यास करत नाही, तर घड्याळ मावशीकडे जाते. बाई मन लावून लिहिते, तर मूल बुडते. आळशी मुलगा गोड आणि कष्टाळू बाई धोकादायक. हे लिहिताना मला हे मान्य करावे लागते की दोमिये माझा आवडता चित्रकार आहे आणि या चित्रावर मी हसलेही आहे. गरिबांच्या बाजूने इतका खंबीरपणे उभा राहिलेला माणूस इथे घरमालकाच्या बाजूने उभा राहतो. मोठ्या कलावंतालाही आपल्या वाचकाच्या खोलीबाहेर पाऊल टाकणे दर वेळी जमत नाही.

त्या काळी फ्रान्समधल्या विद्यापीठात बाईला जागाच नव्हती. ज्यूली-व्हिक्त्वार दोबिए ही बाकालोरेआ, म्हणजे विद्यापीठप्रवेशाची परीक्षा उत्तीर्ण होणारी पहिली फ्रेंच स्त्री. ते साल १८६१. गावार्नीच्या खोलीत मुलगी येऊ शकत होती. टेबलावरच्या पुस्तकाची मालकीण म्हणून येऊ शकत नव्हती.

पाँतेआँहून निघालेला मोर्चा

१८४८च्या फेब्रुवारीत सरकारने मताधिकार वाढवण्याच्या मागणीसाठी ठरलेली मेजवानी-सभा बंद पाडली. २२ तारखेला सकाळी लॅटिन वस्तीत पाँतेआँच्या चौकात विद्यार्थी जमले आणि मादलेनकडे चालत निघाले. वाटेत कामगार मिसळले. दोन दिवसांनी, २४ तारखेला, लुई-फिलिपने सिंहासन सोडले. मार्चमध्ये सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळाले आणि अडीच लाखांचे मतदार नव्वद लाखांवर गेले. बायकांना मात्र त्यासाठी १९४४पर्यंत थांबावे लागले.

गावार्नीची चित्रे पाहून विद्यार्थ्याला ओळखतो असे समजणाऱ्या वाचकाला त्या दिवशी काय वाटले असेल? पाइप ओढत लोळणारा पोरगा रस्त्यावर कसा आला? उत्तर साधे आहे. रस्त्यावर जे आले, त्यांत चित्रात न मावलेलेही होते. आणि चित्रातले काही जणही चित्रातून उठून आले असतील. माणूस एकाच वेळी घड्याळ गहाण टाकणारा आणि मताचा अधिकार मागणारा असू शकतो, एवढी जागा त्या मालिकेने ठेवली नव्हती.

मार्चमध्ये दोमियेने एक चित्र काढले. ट्युइलरी राजवाड्यात लोक घुसले आहेत आणि रस्त्यावरचा एक पोरगा राजाच्या सिंहासनावर बसून, गादी किती मऊ आहे याची मजा घेतो आहे. त्याच्याजवळ पदवी नाही, वडिलांचे पत्र नाही. तेरा वर्षांनी पुन्हा राजकारणावर हसायला मोकळ्या झालेल्या चित्रकाराने तिथे बसवायला शाळेबाहेरचा मुलगा निवडला.

वगळलेल्या विद्यार्थ्याने पुढे स्वतःच स्वतःची गोष्ट लिहिली. ज्यूल व्हालेसची 'पदवीधर' ही कादंबरी १८८१मध्ये पुस्तकरूपाने आली. ग्रीक आणि लॅटिन येते पण जेवायला मिळत नाही, अशा तरुणाची ती कहाणी, आणि तशाच भुकेल्या शिकलेल्यांना ती अर्पण केलेली. तीही विनोदी आहे. फरक इतकाच की तिथे हसणारा बाहेरचा नाही.

गावार्नीची मालिका मी आजही उघडून बसते. त्या खोलीतला उजेड आणि त्या मुलाचा आळस मला आवडतो. पण आता नजर आधी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाते. वडिलांना पत्र लिहिताना तो काय म्हणाला, हे चित्राखाली छापलेले असते. ते पत्र गावी पोचल्यावर घरात काय झाले, हे ज्याचे त्याने आठवायचे.